अनुपस्थितांस दिलेले वचन

दिलेले वचन पाळावे, हे सांगण्यासाठी कोणी निबंध लिहीत नाही. ती गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक असते. प्रश्न उभा राहतो तो निराळ्याच ठिकाणी. ज्याला वचन दिले तो दूर निघून गेला, परतण्याची शक्यता उरली नाही, वचनभंग झाल्याचे त्याच्या कानी जाईलच असेही नाही, आणि ज्याने वचन दिले तोही कालांतराने वारला, तर त्या वचनाचे बंधन कोणावर राहते? राहते की नाही? आणि राहत असेल, तर जिवंत माणसांच्या नित्याच्या गरजांपुढे त्याचे वजन किती धरावे? हा प्रश्न केवळ तर्काच्या कसरतीसाठी आम्ही मांडीत नाही. केरळातील माळा नावाच्या एका लहानशा गावात तो दगडामातीच्या रूपाने उभा आहे, आणि गेली सत्तर वर्षे उत्तराची वाट पाहत आहे.

माळा हे त्रिशूर जिल्ह्यातील गाव. पूर्वीच्या कोचीन संस्थानात ते मोडत असे. प्राचीन मुझिरिस बंदराचा जो परिसर मानला जातो, त्या कोडुंगल्लूरपासून ते फारसे दूर नाही. या किनाऱ्यावर यहुदी लोक केव्हा आले याविषयी परंपरा अनेक आहेत. परंतु चेन्नमंगलम येथे 1269 सालची, हिब्रू अक्षरांत कोरलेली सारा नावाच्या एका स्त्रीच्या थडग्याची शिळा आजही उभी आहे, आणि त्याही आधीचा, इसवी सन 1000 च्या सुमाराचा, भास्कर रविवर्मा राजाने जोसेफ रब्बान यास बहात्तर मानमरातब दिल्याचा ताम्रपट प्रसिद्धच आहे. म्हणजे ज्या काळी आपल्या ज्ञानेश्वरांचा जन्मही झाला नव्हता, त्या काळी हे लोक या भूमीत व्यापार करीत होते, राजदरबारी मान मिळवीत होते आणि आपल्या मृतांना येथल्याच मातीत ठेवीत होते. त्यांची घरची भाषा मलयाळम. त्यांच्या स्त्रिया लग्नकार्यात जी गाणी म्हणत, तीही मलयाळम भाषेतली असत आणि आईच्या वहीतून मुलीच्या वहीत उतरत.

माळा येथील यहुद्यांचे प्रार्थनामंदिर हे केरळातील या वस्तीच्या मोजक्या मंदिरांपैकी एक. मलयाळी माणूस देवळाखेरीज अन्य धर्मीयांच्या प्रार्थनास्थळास सरसकट ‘पळ्ळी’ म्हणतो. चर्चही पळ्ळी, मशीदही पळ्ळी आणि यहुद्यांचे मंदिरही पळ्ळीच. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांतही आपल्या मंदिरास ‘मशीद’ म्हणण्याचा प्रघात होता. शेजाऱ्याच्या देवाला आपल्याच बोलीतले नाव देण्याची ही रीत सहिष्णुतेवरील पुष्कळ व्याख्यानांहून अधिक बोलकी आहे असे आम्हांस वाटते.

या केरळी मंदिरांची घडणही त्या भूमीचीच. जांभ्या दगडाच्या चुना दिलेल्या जाड भिंती, लाकडी छताचे उतरते कौलारू छप्पर, आणि जेरुसलेमच्या, म्हणजे येथून पश्चिमेच्या, दिशेला पवित्र ग्रंथांचे कपाट. मध्यभागी धर्मग्रंथ वाचण्याचे व्यासपीठ तर असतेच. परंतु वरच्या सज्जात, स्त्रियांच्या जागेपुढे, आणखी एक व्यासपीठ असते. ही दुसऱ्या व्यासपीठाची चाल केरळी यहुद्यांचे खास वैशिष्ट्य समजले जाते.

1948 साली इस्रायलचे राष्ट्र स्थापन झाले. केरळातील यहुद्यांची एकंदर संख्या त्या सुमारास अडीच हजारांच्या आसपास होती. कोणी त्यांना येथून हाकलले नव्हते. त्यांच्यावर जुलूम झाला नव्हता. दोन हजार वर्षे ज्या भूमीचे नाव ते प्रार्थनेत घेत आले, तिची हाक त्यांना ऐकू आली, आणि मुख्यतः 1953 ते 1955 या काळात गावेच्या गावे उठून निघाली. नेवातीम, ताओझ, मेसिलात सियोन अशा वसाहतींत ही माणसे जाऊन राहिली. यहुदी धर्मात सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. दहांतला एक कमी झाला, तरी मंदिर असून नसल्यासारखे होते. माळ्यात तर दहाच काय, एकही मागे उरणार नव्हता.

अशा वेळी माळ्याच्या यहुद्यांनी जे केले ते आमच्या विवेचनाचे मूळ आहे. त्यांनी मंदिर विकले नाही. कुलूप लावून किल्ली समुद्रात फेकली नाही. 1955 साली त्यांनी आपले मंदिर आणि आपली दफनभूमी गावच्या पंचायतीच्या हवाली केली, आणि तसा करार केला. कराराच्या मुख्य अटी साध्या होत्या. मंदिराचा कत्तलखाना होऊ नये. ते दुसऱ्या कोणत्याही धर्माचे प्रार्थनास्थळ होऊ नये. आणि दफनभूमी आहे तशी राखली जावी. एवढे मागून ती माणसे जहाजात बसली.

या अटी ज्यांना चमत्कारिक वाटतील, त्यांनी यहुद्यांच्या धर्मशास्त्राकडे वळून पाहावे. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाच्या ‘मगिल्ला’ प्रकरणात नेमका हाच विचार आलेला आहे. गावकऱ्यांना आपले प्रार्थनामंदिर विकता येईल काय, असा तेथे प्रश्न आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, मागू तेव्हा परत मिळावे या अटीवरच ते द्यावे. दुसरा पक्ष म्हणतो की, ते कायमचेही विकता येईल. मात्र ज्या वापराने त्याची अप्रतिष्ठा होईल, उदाहरणार्थ स्नानगृह किंवा चामडी कमावण्याची जागा, अशा वापरासाठी ते देऊ नये. आणि पुढे असे आहे की, मंदिर ओसाड पडले तरी त्यात दोर वळू नयेत, जाळी पसरू नयेत, छपरावर फळे वाळत घालू नयेत, जवळची वाट म्हणून त्यातून ये-जा करू नये. त्यात गवत उगवले तर ते उपटूही नये. ते पाहून लोकांच्या मनाला खंत वाटली पाहिजे म्हणून. माळ्याच्या लोकांनी कत्तलखान्याची अट घातली, तेव्हा या प्राचीन वचनांचीच सावली त्यांच्या लेखणीवर पडली असावी. त्यांनी मंदिराची पूजा चालू ठेवा असे म्हटले नाही, कारण ते अशक्य होते. त्यांनी मागितले ते एवढेच, की त्याचा अपमान होऊ देऊ नका. ही मागणी किती लहान होती याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मंदिराची इमारत गावाने सार्वजनिक कामांसाठी सभागृह म्हणून वापरली. तो वापर अटींविरुद्ध नव्हता. परंतु आतील धार्मिक साज आज तेथे नाही. पुढच्या बाजूस दुकाने उभी राहिली. आणि छपराची व भिंतींची दुरवस्था होत गेली. अलीकडच्या काळात केरळ शासनाच्या मुझिरिस वारसा प्रकल्पातून इमारतीच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले, ही समाधानाची गोष्ट होय. दफनभूमीची कथा मात्र निराळी आहे. सुमारे चार एकरांच्या त्या भूमीत आज जेमतेम तीन थडगी दृष्टीस पडतात, आणि 2010 नंतरच्या दशकात तिच्या एका भागावर क्रीडांगण उभारण्याचे काम झाले. गावातल्याच काही नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की विरोध करणाऱ्या या मंडळींत यहुदी कोणी नव्हता. माळ्यात यहुदी उरलेलाच नव्हता.

आता क्रीडांगणाच्या बाजूने जे बोलता येईल ते प्रथम पूर्णपणे मांडणे न्यायाचे ठरेल. केरळात जमीन दुर्मिळ. घराला घर लागलेले. गावातल्या मुलांना खेळायला जागा नाही. चार एकर भूमी गवत माजून पडली आहे. जे तेथे निजले आहेत त्यांना काही लागत नाही. जे त्यांचे वारस आहेत ते समुद्रापलीकडे आपल्या शेतीवाडीत रमले आहेत. करार केला तो त्या वेळच्या पंचायतीने. आजचे सदस्य त्या वेळी जन्मलेही नसतील. लोकशाहीत मागच्या पिढीने पुढच्या पिढीचे हात कायमचे बांधून ठेवावेत काय? जग हे जिवंतांसाठी आहे. मेलेल्यांनी ते अडवून धरले तर पृथ्वीवर पाऊल ठेवायला जागा उरणार नाही. हे युक्तिवाद पोकळ नाहीत. एखाद्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यासमोर हे प्रकरण आले, तर मुलांच्या बाजूने शेरा मारण्याचा मोह त्याला होईल, आणि त्या मोहात दुष्टपणा नसेल.

तरीही आम्हांस हे युक्तिवाद मान्य होत नाहीत. पहिली गोष्ट, करार पंचायतीच्या सदस्यांनी व्यक्तिशः केला नव्हता. तो पंचायतीने केला होता. संस्था म्हणून जी वस्तू असते तिचे मर्मच असे, की माणसे येतात आणि जातात, परंतु सही टिकते. आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बदली होऊन नव्या ठिकाणी रुजू झालेला अधिकारी कार्यभाराच्या कागदावर सही करतो, तेव्हा आपल्या आधीच्या गृहस्थाने केलेले करार, दिलेली आश्वासने आणि पत्करलेली देणी तो आपल्या शिरावर घेत असतो. ‘हे माझ्या वेळचे नव्हे’ असे म्हणण्याची सोय त्याला नाही. माळ्याच्या करारानंतर पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती, तोच 1 नोव्हेंबर 1956 रोजी त्रावणकोर-कोचीन हे राज्यच नकाशावरून पुसले गेले आणि केरळ राज्य अस्तित्वात आले. म्हणून काय त्या राज्यातील कर्जे बुडाली? निवृत्तिवेतने थांबली? जमिनीचे दाखले रद्द झाले? तसे काही घडले नाही. जे देणे आपण पैशाच्या बाबतीत निमूटपणे मान्य करतो, ते शब्दाच्या बाबतीत नाकारण्यास आपल्याजवळ कोणता आधार आहे?

आणि लोकशाहीचे म्हणावे, तर मागच्या पिढीचे हक्क आणि मालमत्ता घ्यायची आणि तिची बंधने तेवढी टाकायची, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. पंचायतीला ही इमारत आणि ही भूमी मिळाली ती कराराच्या बळावर. करार नको असेल तर भूमीवरचा अधिकारही गेला. अट आणि लाभ ही एकाच नाण्याची दोन अंगे असून, त्यांतले एकच अंग खिशात घालता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्रात अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत. मनुस्मृतीच्या क्रमात ऋणादानाच्या पाठोपाठ येते ते निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेली ठेव. हे दुसरे स्थान अकारण नसावे. ऋणात धनको जागा असतो. तो व्याज मोजतो, तगादा लावतो, दारात येऊन बसतो. ठेवीत तसे नसते. ठेव ठेवणारा निघून गेलेला असतो, आणि ठेवीचे रक्षण करणारी एकच गोष्ट मागे राहते, ती म्हणजे ज्याच्यापाशी ती ठेवली त्याची नीती. म्हणून जो तक्रार करू शकतो त्याला दिलेल्या वचनापेक्षा, जो तक्रार करू शकत नाही त्याला दिलेले वचन अधिक जड असते. तगाद्याच्या भीतीने फेडलेल्या कर्जात हिशेबाचा भाग मोठा. जेथे तगादा नाही तेथेच माणसाची खरी परीक्षा होते. अनुपस्थिताचा हक्क त्याच्या अनुपस्थितीने क्षीण होतो असे मानले, तर विश्वास या शब्दाला अर्थच उरणार नाही. कारण विश्वास टाकावा लागतो तो पाठ फिरवतानाच.

येथे मंदिर आणि दफनभूमी यांत भेद केला पाहिजे. मंदिर ही मनुष्याने केलेली वस्तू. मिश्नाकारांनीच तिच्या विक्रीचा विचार केलेला आहे. तिचा वापर बदलू शकतो, आणि गावकऱ्यांच्या सभा तेथे भरल्या तर त्यात मंदिराची बेअब्रू नाही. दफनभूमीचे तसे नाही. यहुदी लोक तिला हिब्रू भाषेत ‘शाश्वत घर’ म्हणतात, आणि तेथे ठेवलेल्या मनुष्यास हलवू नये अशी त्यांची दृढ समजूत आहे. आपण हिंदू लोक देहाला अग्नी देतो आणि अस्थी पाण्यात सोडतो. मागे जमीन अडवीत नाही. त्यामुळे ‘त्या मातीत आता काय उरले आहे’ असे म्हणणे आपल्यास सोपे जाते. परंतु वचनाचा अर्थ घेणाऱ्याच्या मनातून पाहावयाचा असतो, देणाऱ्याच्या सोयीतून नव्हे. माळ्याच्या यहुद्यांना मंदिरापेक्षा ती भूमी प्रिय होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु ग्रंथ, वस्त्रे, दिवे ही बरोबर नेता येतात. आई-बाप नेता येत नाहीत. जे नेता येत नव्हते, ते त्यांनी शेजाऱ्यांच्या हाती ठेवले.

कोणी विचारील, मग हे बंधन अनंतकाळ चालावयाचे काय? काळ पालटला, गरज खरोखरच अटळ झाली, तर काहीच मार्ग नाही काय? मार्ग आहे, आणि तो अवघडही नाही. वचनातून सुटण्याचा हक्क ज्याला वचन दिले त्याच्या हाती असतो. माळ्याहून गेलेल्या लोकांची मुले-नातवंडे इस्रायलात आहेत. त्यांची गावे अज्ञात नाहीत. टपाल तेथे पोहोचते. त्यांना विचारता येते. त्यांनी संमती दिली असती, एखादा कोपरा कुंपण घालून राखा आणि उरलेल्या जागेत मुलांना खेळू द्या असे म्हटले असते, तर त्या क्रीडांगणावरचा प्रत्येक डाव स्वच्छ मनाने खेळला गेला असता. न विचारता केलेल्या कामात दोष गरजेचा नसतो. विचारण्याचेही श्रम घ्यावेसे वाटले नाहीत, याचा असतो. अनुपस्थित मनुष्य आणि अस्तित्वात नसलेला मनुष्य यांत फरक आहे, हे विसरणे सोयीचे असते, एवढेच.

अन्य गावांतील मंदिरांची गत पाहिली म्हणजे या प्रश्नाला आणखी एक बाजू दिसते. चेन्नमंगलम आणि पारूर येथील मंदिरे शासनाने दुरुस्त करून त्यांची संग्रहालये केली. मट्टांचेरी येथील कडवुंभागम मंदिराचा कोरीव लाकडी अंतर्भाग 1991 साली विकत घेण्यात आला. पुढे तो जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात मांडण्यात आला. मागे उरलेले रिकामे कवच 2019 साली पावसात कोसळले. आता यांतले कोणते रक्षण खरे? जेरुसलेममध्ये लाकूड सुरक्षित आहे, परंतु त्याच्याभोवतीचा पाऊस, नारळीची सावली आणि गल्लीतली मलयाळम बोली तेथे नाही. चेन्नमंगलमला ही सारी आहेत, परंतु प्रार्थना नाही. माळ्याला इमारत उभी आहे. ती गावाच्या हाती आहे, आणि म्हणूनच तिचे बरेवाईट गावाच्या नावावर जमा होणार आहे. आमच्या मते माळ्याच्या यहुद्यांनी निवडलेला मार्ग सर्वांत धाडसाचा होता. वस्तू वाचवण्यासाठी संग्रहालय पुरते. त्यांनी वस्तूबरोबर शेजारधर्मही ठेवीदाखल ठेवला.

आपल्या कोकणात रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल येथे बेने इस्रायलांची मंदिरे आहेत. त्या लोकांची मातृभाषा मराठी. तेलाच्या धंद्यावरून आणि शनिवारच्या विश्रांतीवरून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव आपल्याच लोकांनी दिले. त्यांच्यातलेही बहुसंख्य लोक 1948 नंतर इस्रायलला गेले. मागे राहिलेली कुटुंबे थोडी असली तरी त्यांनी ही मंदिरे राखली आहेत. त्यांच्या कोकणातल्या जुन्या दफनभूमींपुढे उद्या हाच प्रश्न उभा राहिला, तर तो मलयाळी शेजाऱ्यांचा नसेल, आपला असेल. दुसऱ्याच्या गावाविषयी निकाल देताना हे भान सुटता कामा नये.

आणखी एक विचार आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवतो. मराठ्यांनीही आपल्या ठेवी परमुलखात ठेवल्या आहेत. थोरले बाजीराव 1740 साली नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले. त्यांची समाधी आज मध्य प्रदेशात आहे. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य गेले. परंतु त्यांचे सरस्वती महाल ग्रंथालय 1918 साली लोकांसाठी खुले झाले, आणि त्यातली मोडी दफ्तरे व मराठी हस्तलिखिते आज तामिळ भूमीत, तामिळ लोकांच्या देखरेखीखाली आहेत. त्या कागदांतली भाषा राखणाऱ्यांपैकी पुष्कळांची नव्हे. तरी ते राखले जातात. आपल्या पूर्वजांच्या वस्तू परक्यांनी राखाव्या अशी अपेक्षा धरणाऱ्याने, परक्यांच्या पूर्वजांच्या वस्तू आपल्यापाशी असतील तेथे कसे वागावे, हे निराळे सांगायला नको.

शेवटी हा प्रश्न विटांचा किंवा एकरांचा राहत नाही. कोणत्याही गावाची नीती तेथल्या बहुसंख्यांशी ते कसे वागते यावरून कळत नाही. बहुसंख्य आपली काळजी आपण घेतात. ज्यांचे गावात मत नाही, घर नाही, वारस नाही, ज्यांची फक्त एक सही जुन्या कागदावर आहे, त्यांच्याशी ते कसे वागते यावरून ती कळते. माळ्याच्या मंदिराच्या भिंती दुरुस्त होत आहेत, हे चांगलेच आहे. दफनभूमीतली तीन थडगी मात्र अजून उघड्यावर आहेत. त्यांच्याभोवती एक साधे कुंपण आणि त्या करारातली वाक्ये कोरलेली एक शिळा, एवढे जरी गावाने केले, तरी खेळायला येणाऱ्या मुलांना हे कळेल की ज्या जमिनीवर आपण धावतो ती कोणीतरी आपल्या वडिलांच्या भरवशावर सोडून गेले आहे. हे कळलेली मुले मोठी होऊन जेव्हा कोठेतरी सही करतील, तेव्हा ती सही टिकेल.